किती तोडायचे, आणि ते कोणी ठरवायचे?

(कतीफमध्ये भरलेल्या मराठी कुटुंबांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. वेळेअभावी तिथे घाईत सांगितलेले काही मुद्दे इथे थोडे विस्ताराने लिहिले आहेत.)



"उद्योग, सरकार आणि जंगल" असा भारदस्त विषय आयोजकांनी मला दिला आहे. वाळवंटात बसून जंगलावर कसले व्याख्यान, असे काहींच्या मनात आले असेल. मला मात्र कतीफ ही या विषयासाठी चांगली जागा वाटते. एक तर हे गाव खजुराच्या बागांचे आणि खाडीतल्या तिवरांचे आहे. दुसरे म्हणजे इथे बसलेल्यांपैकी बरेचजण तेल आणि रसायन उद्योगात आहेत, आणि आता हा उद्योगही जंगलाच्या वाटेला येऊ लागला आहे. त्याकडे मी शेवटी वळेन.

सुरुवातीलाच एक सांगते. "झाड तोडावे की तोडू नये" या प्रश्नात मला फारसा रस नाही. माझे शिक्षण वनस्पतिशास्त्राचे, पीएचडी बांबूच्या वाढीवर. तोडीशिवाय जंगलाकाठच्या माणसाचे घर उभे राहत नाही, टोपली विणली जात नाही, मांडव पडत नाही. खरे प्रश्न तीन आहेत. किती तोडायचे? मागे काय ठेवायचे? आणि हे कोणी ठरवायचे? पहिल्या दोन प्रश्नांना वनसंवर्धनशास्त्राकडे बऱ्यापैकी उत्तरे आहेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळत नाही, आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

इथल्या खजुराच्या बागेत काय चालते ते पाहा. बागवान दरवर्षी खालच्या, वाळलेल्या झावळ्या उतरवतो. हिरव्या ठेवतो, कारण एक घड नीट पोसायला साधारण आठ-दहा हिरव्या झावळ्या लागतात. शेंड्याला तर तो हातच लावत नाही. खजुराच्या खोडाला वाढीचा एकच डोळा असतो, तो गेला की खोड संपले. झावळ्यांचा उपयोग चटईला, टोपलीला, कुंपणाला. म्हणजे घेणेही चालू आणि झाडही जागेवर. आता त्या बागवानाने विद्यापीठातून पदवी घेतलेली नसते. पण पुढच्या वर्षीचा खजूर त्याच्याच घरी यायचा असतो. त्याच्या कोयत्याला लगाम आहे तो या गोष्टीचा. हे एवढे लक्षात ठेवा, पुढचे सगळे यातूनच येते.

जंगलातल्या तोडीच्या ढोबळ मानाने दोन तऱ्हा. एक सरसकट तोड: एक तुकडा, ज्याला आपल्याकडे कूप म्हणतात, तो साफ करायचा आणि तिथे नवी लागवड करायची. दुसरी निवडक तोड: पक्व झाडे काढायची, बाकीचे जंगल उभे ठेवायचे, ठराविक वर्षांनी परत यायचे. हिंदुस्थानात दुसऱ्या पद्धतीला शास्त्रीय रूप दिले ते डिट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. १८५६ मध्ये तो ब्रह्मदेशात पेगूच्या सागवान जंगलांवर नेमला गेला. त्याने घेराप्रमाणे झाडांची मोजदाद केली आणि ठराविक घेराच्या वरचीच झाडे तोडायची असा हिशेब बसवला. १८६४ मध्ये तो हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. हिशेब उत्तम होता, पण तो कोणासाठी होता? रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि सरकारी तिजोरीसाठी. जंगलात राहणारा माणूस या हिशेबात आला तो मुख्यतः अडथळा म्हणून. १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी ती दृष्टी पक्की केली. स्वातंत्र्य आल्यावर मालक बदलला, वहीचे रकाने तेच राहिले.

आता बांबू. निवडक तोड म्हणजे काय हे समजायला याच्याइतका चांगला गुरू नाही. बांबू हे शास्त्राच्या दृष्टीने गवत. आपल्याकडचा मानवेल किंवा कळक बेटाने वाढतो. जमिनीखाली कंद असतात, आणि पावसाळ्यात बेटाच्या बाहेरच्या अंगाने नवे कोंब येतात. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात. कोंब काही महिन्यांत पूर्ण उंचीचा होतो. त्यानंतर काठी जाड होत नाही, फक्त दोन-तीन वर्षांत टणक होते. नवे कोंब प्रामुख्याने कोवळ्या काठ्यांच्या कंदांतून येतात, आणि त्यांना अन्न पुरवतात ती शेजारच्या काठ्यांची पाने. म्हणून नियम ठरले. पावसाळ्यात तोड नाही. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काठीला हात नाही. पक्व काठ्यांपैकीही काही आधाराला ठेवायच्या. जमिनीलगत, पेराच्या वर तोडायचे, कंद उकरायचा नाही. एका बेटात परत यायचे ते तीन-चार वर्षांनी.

माझ्या संशोधनाच्या काळात आम्ही दर पावसाळ्यानंतर नव्या काठ्यांवर वेगळ्या रंगाचा पट्टा मारायचो, म्हणजे कोणती काठी कोणत्या वर्षाची ते कळावे. आमच्याबरोबर असलेले एक गोंड आजोबा हसायचे. त्यांना रंग लागत नसे. पेरांवर कोष शिल्लक आहे का, काठीवर पांढरी भुकटी आहे का की दगडफुलासारखे डाग पडलेत, कोयत्याच्या पाठीने टकटक केल्यावर आवाज कसा येतो, यावरून ते वय सांगत. आम्ही पट्ट्यांशी ताडून पाहायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचे.

त्याच काळात एका कारखान्याकडे त्या भागातल्या तोडीची वर्षानुवर्षांची रजिस्टरे होती. कोणत्या कुपातून किती नग निघाले, सगळे. मी अर्ज केले, खेटे घातले. रजिस्टरे पाहायला मिळाली नाहीत. जंगल सार्वजनिक, रजिस्टर मात्र खाजगी! कारखान्याचे नाव महत्त्वाचे नाही, ही रीत महत्त्वाची आहे.

आणि या रीतीचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या सीमेला लागूनच आहे. उत्तर कन्नड जिल्हा, दांडेली. हल्याळ, जोयडा, दांडेलीत आजही मराठी आणि कोकणी घराघरात बोलली जाते. तिथे पन्नाशीच्या दशकात वेस्ट कोस्ट पेपर मिल उभी राहिली. १९५८ मध्ये सरकारने गिरणीला जिल्ह्यातला बांबू द्यायचा करार केला. दर? टनाला दीड रुपया. टोपल्या विणणाऱ्यांना त्याच बांबूसाठी बाजारात याच्या कित्येक पट मोजावे लागत. बांबूचा साठा अफाट आहे, नियमाने तोडला तर कधीच संपणार नाही, असे कागदावर होते. शास्त्रीय कार्य आयोजना होती, तोडीचे चक्र होते. उद्योग आणि सरकार यांचे सहकार्य म्हणतात ते हेच.

सत्तरीत बांबू संपत चालला. टोपल्या विणणाऱ्यांनी तक्रार केली. दोष अर्थातच गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर आला. त्या वेळी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत नुकतेच रुजू झालेले माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी प्रत्यक्ष जंगलात जाऊन मोजणी सुरू केली. दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली, खात्याचा साठ्याचा अंदाज कित्येक पटींनी फुगलेला होता. दुसरी गोष्ट अधिक मासलेवाईक आहे. कळकाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे जाळे असते. बेटे मोकळी व्हावीत, वाढ जोमाने व्हावी म्हणून ते जाळे साफ करावे, अशी खात्याची शास्त्रीय शिफारस होती, आणि तोडीबरोबर ती सफाई होत असे. गावकरी म्हणत होते, "अहो, ते काटे काढले की कोंब गुरे खातात, माकडे खातात, साळिंदरे खातात. ते काटे म्हणजे कोंबाचे कुंपण आहे." शास्त्रज्ञांनी हे नुसते ऐकून सोडले नाही, काही वर्षे तपासून पाहिले. गावकऱ्यांचे म्हणणे खरे निघाले.

इथे थोडे थांबू या. या गोष्टीचे "लोकांना सगळे कळते, शास्त्रज्ञांना काही कळत नाही" असे स्वस्त तात्पर्य काढू नका. लोकांचे म्हणणे हा एक दावा होता. तो तपासला गेला, म्हणून तो ज्ञान झाला. खात्याची शिफारसही दावाच होती, पण ती कोणी तपासलीच नव्हती. तिच्यावर शिक्का होता इतकेच. विज्ञाननिष्ठा म्हणजे शिक्क्याचा आदर नव्हे. दावा कोणाचाही असो, मोजून पाहण्याची तयारी, ही विज्ञाननिष्ठा. आपल्यासारख्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

दुसरे असे की, टनाला दीड रुपया या दरात सगळे नियम आधीच मोडलेले होते. ज्या वस्तूला किंमत नाही ती जपायची कशाला? एक भाग संपला की गिरणी पुढच्या भागाकडे जाते. ट्रकचा पल्ला वाढतो, बस्स. तोडणाऱ्या मजुराला मजुरी मिळते नगावर. बेटात मागे किती काठ्या ठेवल्या याचे त्याला कोणी पैसे देत नाही. खजुराच्या बागवानाला जो लगाम आहे तो इथे गिरणीला नाही, ठेकेदाराला नाही, बदलीवर जाणाऱ्या अधिकाऱ्यालाही नाही. लगाम फक्त एकाला होता, तिथेच राहणाऱ्याला. आणि त्याला बैठकीत खुर्चीच नव्हती.

महाराष्ट्राची कहाणी फार वेगळी नाही. चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू बल्लारपूरच्या कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने जात राहिला, आणि तिथला बुरूड सवलतीच्या बांबूसाठी डेपोवर रांगेत उभा राहिला. १९७४ मध्ये महाराष्ट्राचे वनविकास महामंडळ निघाले. मोह, तेंदू, बेहडा, चारोळी असलेले मिश्र जंगल सरसकट तोडून तिथे सागवान लावायचे, हा त्याचा मुख्य उद्योग. लाकडाच्या हिशेबात फायदा दिसत असेलही, पण मोहाची फुले वेचणाऱ्या बाईच्या हिशेबात ते जंगल नाहीसेच झाले.

हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात व्हँकुव्हर बेटावर मॅकमिलन ब्लोडेल ही बलाढ्य लाकूड कंपनी सरसकट तोड करी. १९९२ च्या सुमारास कंपनी, केंद्र सरकारची वनसेवा आणि प्रांताचे वनखाते यांनी मिळून एक सुरेख प्रयोग मांडला. एकाच डोंगरावर सरसकट तोड, छोट्या तुकड्यांची तोड, काही झाडे विखरून राखून केलेली तोड आणि सावलीपुरती झाडे ठेवून केलेली तोड, अशा चार तऱ्हा शेजारी शेजारी. वर्षानुवर्षे रोपे, माती, पक्षी मोजायचे. उद्योग आणि सरकारचे सहकार्य चांगले कसे असू शकते याचा हा नमुना आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते.

पण कंपनीचे धोरण नुसत्या प्रयोगाने बदलले नाही. १९९३ च्या उन्हाळ्यात त्याच बेटावर क्लेओक्वॉट खाडीच्या जंगलासाठी लोक रस्त्यावर बसले. आठशेहून अधिक जणांना अटक झाली. मग सरकारने शास्त्रज्ञांची समिती नेमली, आणि तिच्यात नू-चा-नुल्थ या मूळ रहिवाशांचे वडीलधारेही सदस्य म्हणून बसले. १९९५ मध्ये समितीने सांगितले की, किती काढायचे याआधी काय राखायचे ते ठरवा. १९९८ मध्ये कंपनीने सरसकट तोड टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले. शास्त्र हवे होते, लोकांचा रेटाही हवा होता, आणि बैठकीत तिसरी खुर्चीही हवी होती. तिन्हींपैकी एक नसते तर गाडी अडली असती.

आपल्याकडे ती तिसरी खुर्ची यायला आणखी वेळ लागला. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने उद्योगांना सवलतीच्या दरात वनोपज देणे थांबवा, त्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून घ्यावा, असे स्पष्ट म्हटले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मानला. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव तुम्हाला माहीत असेल. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारे. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यास गट चालवले, सर्वसहमतीने निर्णय घ्यायची सवय लावली, कागद कारखान्यासाठी होणाऱ्या तोडीलाही विरोध केला. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळाला, तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि तो खात्याच्या हातात! ती गाठ सुटली २७ एप्रिल २०११ रोजी. तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. पुढे बांबूच्या विक्रीतून गावाला लाखोंचे उत्पन्न मिळाले. कारखान्याला जो माल कवडीमोल मिळत होता, तोच हा माल.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावची गोष्ट मला अधिक आवडते. २०१२ मध्ये या गावाला वनहक्क मिळाला. ग्रामसभेने बसून नियम केले. बांबूची तोड स्वतः करायची आणि लिलावाने विकायची. आणि तेंदूपत्ता? तो बंद! तेंदूचे पैसे तर रोख आणि लगेच मिळतात. पण जास्त पाने मिळावीत म्हणून झाडे छाटली जातात, जंगलाला आगी लावल्या जातात, आणि आगीत बांबूचे कोंब जातात. शिवाय फळे खायला उरत नाहीत. म्हणून गावाने स्वतःच ते उत्पन्न सोडले. कतीफच्या बागवानाचाच हिशेब, नाही का?

तुम्ही विचाराल, ग्रामसभा कधी चुकतच नाहीत का? चुकतात. गावातही ठेकेदाराचा हस्तक असतो, रोख पैशाची गरज असते, बायकांना बोलू न देणारे पुढारी असतात. सगळी गावे मेंढा किंवा पाचगाव नाहीत. लिलावात खरेदीदार संगनमत करून भाव पाडतात. म्हणूनच ग्रामसभांना शास्त्रज्ञ हवेत, हिशेबनीस हवेत, वनखातेही हवे. पण ते साहाय्यक म्हणून, मालक म्हणून नव्हे. चूक झाली तरी तिची झळ ज्याला लागते त्याच्या हातात निर्णय असेल, तर ती सुधारण्याची शक्यता जास्त. दांडेलीत नेमके उलट होते.

आता तुमच्या-माझ्या अंगणात येते. २०१७ मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन "वृक्ष" या व्याख्येतून बांबू वगळला गेला. जंगलाबाहेर, शेतात लावलेल्या बांबूची तोड त्यामुळे सोपी झाली. चांगले झाले. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आसाममध्ये नुमालीगड तेलशुद्धीकरण कारखान्यात बांबूपासून इथेनॉल बनवणारा प्रकल्प सुरू झाला. त्याची भूक वर्षाला सुमारे पाच लाख टन ओल्या बांबूची. हा बांबू ईशान्येतल्या शेतकऱ्यांकडून घ्यायचा अशी योजना आहे, आणि तसे झाले तर ती १९८८ च्या धोरणाला धरूनच होईल. महाराष्ट्रातही औष्णिक वीजकेंद्रांत कोळशाबरोबर बांबू जाळण्याची चर्चा आहे.

मी या प्रकल्पांच्या विरोधात नाही. मात्र कागद गिरणीच्या जागी शुद्धीकरण कारखाना आला म्हणून बांबूचे जीवशास्त्र बदलत नाही. पाच लाख टनांची भट्टी एकदा पेटली की ती थांबवता येत नाही. शेतातला बांबू कमी पडला तर ट्रक कुठे वळणार, हा प्रश्न आजच विचारायला हवा. तुमच्यापैकी कोणी उद्या अशा प्रकल्पाच्या आखणीत असेल, सल्लागार असेल, गुंतवणूकदार असेल. त्यांनी टेबलावर चार साधे प्रश्न ठेवावेत. साठ्याचा अंदाज कोणी केला, आणि तो तिऱ्हाईताने मोजून पाहिला का? बांबूचा दर बुरुडाला पडणाऱ्या दरापेक्षा कमी आहे का? तोडीचे रजिस्टर गावाला पाहायला मिळते का? आणि तोडीचे नियम बदलण्याचा, वेळ पडली तर तोड थांबवण्याचा अधिकार तिथे राहणाऱ्यांना आहे का? चौथ्याचे उत्तर "नाही" असेल तर पहिल्या तिन्हींची उत्तरे फार दिवस टिकत नाहीत.

इथलेही एक सांगून संपवते. तारूतच्या खाडीतली तिवरे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आपल्या कोकणातल्या खाड्यांतही तिवर असते, त्यामुळे मला ती घरचीच वाटतात. इथल्या तिवरांचा मोठा भाग गेल्या काही दशकांत समुद्रात घातलेल्या भरावांखाली गेला. आता याच किनाऱ्यावर रास तनुरा भागात सौदी अरामकोने तिवरांची लागवड केली आहे, सरकारनेही २०२१ पासून हरित उपक्रम हाती घेतला आहे. ही स्वागताची गोष्ट आहे. आपण इथे पाहुणे आहोत, पाहुण्याने जास्त बोलू नये. पण लावलेली रोपे मोजणे सोपे असते. पाच वर्षांनी जगलेली मोजणे, आणि आधीची उभी तिवरे राखणे कठीण असते. ती मोजणी करायला इथले कोळी सोबत असतील तर ती खरी होईल, एवढे आपल्या दांडेलीच्या काट्यांनी शिकवले आहे.

प्रश्न विचारा, वादही घाला.